पृथ्वी सपाट म्हणणाऱ्यांना वीतभर सावलीचे उत्तर

मुलगा आठवी-नववीत गेला की घरातल्या मोठ्यांचीही परीक्षा सुरू होते. बदलीमुळे चंदीगडला येऊन राहिलेल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. आजी-आजोबा आणि मामा अकोल्याला, इथे फक्त आई, वडील आणि मुलगा. रात्रीची जेवणे चालली आहेत आणि मुलगा एकदम विचारतो,

"बाबा, पृथ्वी गोल आहे, हे तुम्ही स्वतः पाहिलंय का?"

"त्यात पाहायचं काय? शाळेत शिकवलं नाही का तुला?"

"शिकवलं. पण दिसते तर सपाटच. आणि वस्तू खाली पडते ती हवेपेक्षा जड असते म्हणून. त्याला गुरुत्वाकर्षण कशाला हवं? मोबाइलवर एकानं सगळं नीट समजावून सांगितलंय."

"मूर्खासारखं बोलू नकोस. जेव मुकाट्यानं."

संवाद तिथेच संपतो आणि वडिलांना वाटते, विषय मिटला. विषय मिटलेला नसतो. मुलाचे म्हणणे चुकीचे आहे, पण त्याने विचारलेला प्रश्न योग्य आहे. वडिलांचे म्हणणे खरे आहे, पण त्यांनी दिलेले उत्तर उत्तरच नव्हे. "पुस्तकात लिहिले आहे म्हणून" हे कारण त्यांनी आजीच्या ग्रहणाच्या सोवळ्याला कधी चालवून घेतले नव्हते. मग मुलाने ते का चालवून घ्यावे? पुढच्या वेळी शंका आली की तो घरात विचारणार नाही, मोबाइललाच विचारील. तोट्याची खरी बाब ही आहे. पृथ्वीचा आकार कोणाच्या मतावर अवलंबून नाही, मुलाची विचारण्याची सवय मात्र घरच्यांच्या वागण्यावर अवलंबून असते.

सपाट पृथ्वीवाद्यांचे मुद्दे फार नाहीत. क्षितिज सपाट दिसते, दूरचे डोंगर दिसतात आणि वस्तू घनतेमुळे पडतात, हे त्यांतले मुख्य. प्रत्येकाला घरच्या घरी तपासता येईल असे उत्तर आहे.

सुखना, कसौली आणि धौलाधार

चंदीगड शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. दक्षिणेला पंजाब-हरियाणाचे मैदान, उत्तरेला डोंगर. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे 'दूर जाणाऱ्या जहाजाचे आधी बूड दिसेनासे होते, मग शीड' हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण इथल्या मुलाला दाखवता येत नाही. पाणी आहे ते १९५८ साली बांध घालून तयार केलेल्या सुखना तलावाचे, आणि ते तर आरशासारखे सपाट दिसते.

ते सपाट का दिसते, हे एका सोप्या हिशेबाने कळते. अंतर किलोमीटरमध्ये घ्यावे, त्याचा वर्ग करावा आणि पावणेतेराने भागावे. डोळ्याच्या सरळ रेषेपासून पृथ्वीचा पृष्ठभाग तेवढ्या अंतरावर किती मीटर खाली गेलेला असतो, ते उत्तर येते. हा पावणेतेराचा आकडा पृथ्वीच्या १२,७४२ किलोमीटर व्यासावरून आला आहे. सुखनाच्या दीड किलोमीटर पाण्यापलीकडे पाहिले तर हा फरक अवघा १८ सेंटिमीटर येतो. काठावर उभ्या राहिलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दीड मीटर वर असतो, म्हणजे त्याचे क्षितिज सव्वाचार किलोमीटरहूनही दूर. तलाव त्याच्या आतच संपतो. पृथ्वी गोल असली तरी सुखना असाच सपाट दिसला पाहिजे.

आता कसौली घेऊ. रात्री चंदीगडहून तिथले दिवे दिसतात. सरळ रेषेत अंतर सुमारे २५ किलोमीटर. पंचवीसचा वर्ग ६२५, भागिले पावणेतेरा, म्हणजे ४९ मीटर. कसौली चंदीगडपेक्षा सुमारे दीड हजार मीटर उंच आहे. त्यातले पन्नास मीटर कमी झाले तर कोणाच्या लक्षात येणार?

खरी गंमत आहे ती धौलाधार पर्वताची. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी होती, गाड्या आणि कारखाने बंद होते. हवा इतकी स्वच्छ झाली की जालंधरच्या लोकांना आपल्या गच्चीवरून धौलाधारची बर्फाच्छादित रांग दिसू लागली. कित्येकांनी ती आयुष्यात प्रथमच पाहिली. त्या छायाचित्रांकडे बोट दाखवून सपाट पृथ्वीवादी विचारू शकतो, "पृथ्वी गोल असती तर एवढ्या लांबचा पर्वत वाकाआड गेला नसता का?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून हिशेबही नीट करायला हवा. जालंधरपासून पर्वत सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. आपल्या नियमाने पृष्ठभाग तिथे सुमारे १,२२५ मीटर खाली गेलेला असतो. पण धर्मशाळेच्या डोक्यावरची शिखरे साडेचार हजार मीटरच्या घरात आहेत, आणि जालंधर समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर. सव्वाचार हजारांतून सव्वाबाराशे गेले तरी तीन हजार मीटर पर्वत उरतो. म्हणजे गोल पृथ्वीवरही तो दिसायलाच हवा.

तेव्हा पर्वत 'दिसतो की नाही' यावर वाद घालण्यात अर्थ नाही. 'किती उंच दिसतो' हे पाहायला हवे. पृथ्वी सपाट असेल तर शिखर डोळ्याच्या पातळीपासून जवळजवळ दोन अंश वर दिसेल. गोल असेल तर दीड अंशाच्या आत. हवा प्रकाशाला किंचित खाली वाकवते, त्यामुळे काही थोडा फरक पडतो, तोही धरूनच हे सांगितले आहे. डोळ्याची पातळी गवंडी काढतो तशी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढता येते. हात लांब केला की अंगठ्याची रुंदी दोन अंशांच्या आसपास भरते. म्हणजे पूर्ण अंगठा की पाऊण अंगठा, एवढाच प्रश्न उरतो. गच्ची, नळी, कॅमेरा आणि स्वच्छ हवेचा एक दिवस असला की कॉलेजचा मुलगा तो सोडवू शकतो.

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला तर एवढेही करावे लागत नाही. "मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याने पाहिले की दिसेनासे झालेले जहाज पुन्हा दिसते," असे सांगितले जाते. जहाज केवळ लहान झाल्यामुळे दिसत नसेल तर ते भिंगाने दिसेलच. पण ते क्षितिजाखाली गेले असेल तर भिंग कितीही मोठे असो, बूड दिसणार नाही. तेव्हा भिंग ठेवून द्यावे आणि जिना चढावा. किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आसपास असते. तीस मीटर उंच गच्चीवरून ते साडेएकोणीस किलोमीटरपर्यंत जाते. खाली अर्धे बुडालेले दिसणारे जहाज वर जाताच पुन्हा पूर्ण दिसते. सपाट पाटावरची वस्तू जिना चढल्याने पुन्हा उगवत नाही.

घनतेला दिशा नसते

दुसरा मुद्दा गुरुत्वाकर्षणाचा. "दगड पाण्यापेक्षा घन म्हणून बुडतो, तेल हलके म्हणून तरंगते. घनता पुरेशी आहे, पृथ्वीची ओढ कशाला?" हे ऐकायला इतके सोपे वाटते की भलेभले गप्प होतात. स्वयंपाकघरातला अनुभवही तोच असतो. दुधावर साय येते, वरणावर फोडणी तरंगते.

पण एक साधा प्रश्न विचारून पाहावा. दगड खालीच का जातो? डावीकडे का जात नाही? घनता म्हणजे ठराविक जागेत किती वस्तुमान भरले आहे, याचे माप. त्या मापाला दिशा नाही. साखरेच्या डब्याला 'किलो' हा आकडा असतो, 'उत्तरेकडे' असे काही नसते. वस्तूंनी कोणत्या दिशेने रांग लावायची हे ठरवणारे दुसरे काहीतरी लागते. पाण्याला खाली ओढले जाते म्हणून त्याचा दाब तळाशी जास्त असतो आणि तो दाब तेलाला वर ढकलतो. तरंगण्याचे कारण घनता आणि वजन दोन्ही मिळून आहे. वजन काढून घेतले की तरंगणेही थांबते.

हे खरे की नाही, ते पाहायला एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली पुरे. तळाजवळ खिळ्याने भोक पाडावे, बाटली पाण्याने भरावी, झाकण उघडे ठेवावे. भोकातून पाण्याची धार लागते. आता अंगणात खुर्चीवर उभे राहून बाटली हातातून सोडून द्यावी. ती खाली पडत असते तेवढा वेळ धार बंद होते. पाणी तेच, घनता तीच, भोक तेच. मग धार का थांबली? बाटली आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने पडत असल्याने पाण्याचा दाब नाहीसा झाला. घनतेच्या सिद्धांताकडे याला उत्तर नाही. मोबाइलवर सावकाश चित्रण केले तर घरातल्या सर्वांना ते स्पष्ट दिसते.

घनतेला दिशा नाही, याचा आणखी मोठा पुरावा चंदीगडपासून फार लांब नाही. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला ओळंबा लावतो. ओळंबा अगदी सरळ खाली लोंबतो, अशी आपली समजूत असते. एकोणिसाव्या शतकात भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालली होती. जॉर्ज एव्हरेस्टच्या माणसांनी मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगरजवळचे कलियाना ही दोन ठाणी घेतली. कलियाना चंदीगडपासून सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटरवर आहे. दोन ठाण्यांमधले अंतर दोन रीतींनी काढले गेले. एकदा जमिनीवर त्रिकोण मोजून, एकदा ताऱ्यांच्या उंचीवरून. दोन्ही उत्तरे जुळेनात. ५.२३६ विकलांचा फरक पडला. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक भाग म्हणजे विकला. जमिनीवर हा फरक सुमारे १६० मीटर होतो. एवढी चूक त्या काळच्या मोजणीदारांना मान्य होण्यासारखी नव्हती.

ताऱ्यांची उंची मोजताना 'सरळ खाली' कोणते, हे ओळंब्यावरूनच ठरवतात. संशय ओळंब्यावर आला. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हिशेब मांडला की हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे, म्हणजे आडवे, ओढत असले पाहिजे. गंमत अशी की त्यांच्या हिशेबाने फरक जवळजवळ १६ विकला यायला हवा होता, प्रत्यक्षात आला त्याच्या एकतृतीयांश. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी त्याचे कारण सुचवले. डोंगराच्या खाली हलक्या खडकाची खोल मुळे असतात, त्यामुळे त्याची ओढ वाटते त्यापेक्षा कमी पडते. भूकंपशास्त्रज्ञांना पुढे ही मुळे खरोखरच सापडली.

म्हणजे डोंगर ओळंब्याला बाजूला ओढतो. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये बंद खोलीत शिशाच्या मोठ्या गोळ्यांनी लहान गोळ्यांना असेच आडवे ओढून दाखवले होते. आडव्या ओढीला घनतेचा सिद्धांत काय म्हणणार? हवा तर दोन्ही बाजूंना सारखीच होती.

भास्कराचार्यांनीही हाच प्रश्न घेतला होता

पृथ्वी गोल असल्याचे मत पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादले, असाही एक सूर हल्ली ऐकू येतो. असे म्हणणाऱ्यांनी भास्कराचार्यांचा गोलाध्याय पाहावा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. गोलाध्याय हा त्याचाच भाग. पृथ्वी गोल आहे तर सपाट का दिसते, हा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, माणूस लहान आहे आणि पृथ्वी फार मोठी, असे त्यांचे उत्तर आहे. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि जड वस्तू तिच्यामुळे पृथ्वीकडे ओढल्या जातात, असेही ते सांगतात. पृथ्वी सतत खाली पडत आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले की तसे असते तर वर फेकलेली वस्तू पुन्हा पृथ्वीवर आली कशी असती? त्यांच्याही आधी लल्ल या ज्योतिष्याने सपाट पृथ्वीवाद्यांना कोड्यात टाकले होते. पृथ्वी सपाट असेल तर ताडासारखी उंच झाडे कितीही दुरून का दिसत नाहीत?

म्हणजे मोबाइलवर आज जो वाद नवा म्हणून येतो, तो आपल्याकडे आठ-नऊशे वर्षे जुना आहे आणि त्याची उत्तरेही तेवढीच जुनी आहेत.

मराठीतही तो वाद झाला आहे. १८३०च्या दशकात भोपाळजवळच्या सीहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी आणि सुबाजी बापू हे ज्योतिषी यांचा सहवास घडला. पुराणांतली सपाट, मेरूभोवती पसरलेली पृथ्वी खरी, की सिद्धांतांतली गोल पृथ्वी खरी, हा तेव्हाच्या पंडितांपुढचा पेच होता. सुबाजी बापूंनी १८३६च्या सुमारास मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ लिहून गोल पृथ्वीची बाजू घेतली. इंग्रजांचे पुस्तक पुढे करण्याऐवजी त्यांनी भास्कराचार्यांचा आधार घेतला. समोरच्याला जे प्रमाण मान्य आहे, त्याच्यापासून सुरुवात करावी, हे त्यांना कळले होते. आजच्या सपाट पृथ्वीवाद्याला कोणताही ग्रंथ मान्य नसतो. "मी डोळ्यांनी पाहीन तेच मानीन," असे तो म्हणतो. मग त्याच्या डोळ्यांपासूनच सुरुवात केली पाहिजे.

दोन घरे, एक काठी

इथे चंदीगड आणि अकोला यांचा उपयोग होतो. नकाशावर पाहिले तर अकोला जवळजवळ चंदीगडच्या थेट दक्षिणेला आहे. चंदीगडचे रेखांश पावणेसत्त्याहत्तर, अकोल्याचे सत्त्याहत्तर. अक्षांश मात्र साडेतीसच्या वर आणि साडेवीसच्या वर, म्हणजे बरोबर दहा अंशांचा फरक. अंतर सुमारे १,११० किलोमीटर.

मार्चच्या २१ तारखेच्या किंवा सप्टेंबरच्या २३ तारखेच्या आसपास, जेव्हा दिवस-रात्र सारखी असते, त्या दिवशी दोन्ही घरांच्या गच्चीवर एक मीटर लांबीची काठी उभी करावी. काठी ओळंब्यात हवी आणि जमीन पातळीत हवी. घड्याळात बारा वाजले की मापायचे, असे करू नये. सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मापावी. मार्चमध्ये ती वेळ साडेबाराच्या सुमारास येते, सप्टेंबरमध्ये सव्वाबाराच्या. सूर्याकडे डोळे लावून पाहायची गरज नाही, पाहूही नये. चंदीगडला सावली साडेएकोणसाठ सेंटिमीटर भरेल, अकोल्याला ३८ सेंटिमीटरच्या जवळपास. फरक वीतभर.

या वीतभर फरकावरून पृथ्वीचा परीघ निघतो. काठी आणि सावली यांवरून चंदीगडला सूर्य डोक्यापासून सुमारे ३०.७ अंश ढळलेला निघतो, अकोल्याला सुमारे २०.७ अंश. फरक दहा अंश. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणजे या अंतराच्या छत्तीस पट. १,११० गुणिले ३६ बरोबर ३९,९६० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर आहे असे पुस्तकात लिहिलेले असते. मामा आणि भाच्याने दोन गच्च्यांवरून, फोनवर आकडे सांगून, तोच काढला.

सपाट पृथ्वीवादी हुशार असेल तर इथे एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. "पृथ्वी सपाट असून सूर्य जवळ असला, तरी दोन ठिकाणच्या सावल्या वेगळ्या पडतील." खरे आहे. खोलीतल्या दिव्याखाली दोन पेले ठेवले तर त्यांच्या सावल्याही वेगळ्या पडतात. दोन जागांवरून निकाल लागत नाही. म्हणून तिसरी जागा घ्यावी.

कन्याकुमारीही जवळपास त्याच रेषेवर आहे. कोणी नातेवाईक त्या दिवशी तिथे सहलीला गेला असेल, तर त्याच्याकडून तिसरी सावली मागवावी. ती सुमारे १४ सेंटिमीटर भरेल. आता पृथ्वी सपाट आहे असे धरून सूर्य किती उंचीवर आहे ते काढू. चंदीगड आणि अकोला यांच्या सावल्यांवरून सूर्याची उंची सुमारे ५,१०० किलोमीटर येते. अकोला आणि कन्याकुमारी यांच्या सावल्यांवरून ती सुमारे ५,९०० किलोमीटर येते. एकच सूर्य, एकच दिवस, एकच दुपार, आणि त्याची उंची दोन? सपाट पृथ्वीचा हिशेब इथे मोडतो. गोल पृथ्वी धरली तर तिन्ही सावल्या एकाच आकड्यात बसतात.

रात्री हाच पडताळा ध्रुवताऱ्यावरून घेता येतो. चंदीगडला तो क्षितिजापासून ३१ अंशांच्या आसपास वर दिसतो, अकोल्याला २१, कन्याकुमारीला जेमतेम आठ. दक्षिणेकडचा तेजस्वी अगस्त्य तारा उलट वागतो. अकोल्याला तो साडेसोळा अंशांपर्यंत चढतो, चंदीगडला मात्र साडेसहा अंशांच्या आसपासच राहतो आणि झाडांआड दडतो.

चंदीगडच्या मुलाला सावलीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेल्या तिथल्या कॅपिटॉल संकुलात 'टॉवर ऑफ शॅडोज' ही वास्तू सूर्याच्या वर्षभराच्या मार्गाचा विचार करूनच उभारली आहे. आणि अकोल्याच्या मामांना हिंगणघाट लांब नाही. तिथे विल्यम लॅम्टन यांची कबर आहे. दक्षिणेतून उत्तरेकडे, पृथ्वीच्या वक्रतेचा एक अंश किती लांब असतो हे मोजत निघालेला हा माणूस १८०२ पासून वीस वर्षे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याचे काम पुढे एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. कन्याकुमारीपासून निघालेली सुमारे २,४०० किलोमीटरची ही रेषा वऱ्हाडातून गेली आहे. मामा-भाच्यांनी एका दुपारी केलेला प्रयोग म्हणजे त्याच कामाची घरगुती आवृत्ती.

जिंकूनही हरलेला वाद

एवढे सगळे दाखवल्यावर समोरचा माणूस मान्य करील का? याची खात्री नाही आणि त्याचेही उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये ओल्ड बेडफर्ड नावाचा सरळ कालवा आहे. १८३८ मध्ये सॅम्युअल रोबॉटम यांनी पाण्याला डोळा लावून पाहिले. सहा मैलांपर्यंत होडी दिसत राहिली, तेव्हा पृथ्वी सपाट असल्याचे त्यांनी जाहीर केले. पाण्यालगतची हवा प्रकाशाला जास्त वाकवते, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. १८७० मध्ये जॉन हॅम्पडेन यांनी पाचशे पौंडांची पैज लावली. ती स्वीकारली उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनच्या बरोबरीने नाव घेतले जाते त्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. वॉलेस तरुणपणी मोजणीदार होते. त्यांनी पाण्यापासून सुमारे चार मीटर उंचीवर सारख्या खुणा लावल्या. मधली खूण इतर दोन खुणांच्या वर आलेली दिसली. पंचांनी वॉलेस यांना विजयी ठरवले.

हॅम्पडेन यांनी मात्र निकाल मानला नाही. त्यांनी वॉलेस यांना चोर, लबाड म्हणणारी पत्रे लिहिली, त्यांच्या पत्नीलाही धमकीचे पत्र पाठवले. बदनामीबद्दल त्यांना तुरुंगवास घडला तरी ते थांबले नाहीत. पुढे पैज कायद्याने बांधील नाही म्हणून वॉलेस यांना पैसेही परत करावे लागले. कित्येक वर्षे मनस्ताप झाला तो वेगळाच.

याउलट उदाहरणही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्र्याने पुढाकार घेऊन काही सपाट पृथ्वीवाद्यांना आणि त्यांच्या विरोधकांना अंटार्क्टिकाला नेले. तिथे उन्हाळ्यात चोवीस तास सूर्य मावळत नाही. सपाट पृथ्वीच्या नकाशावर हे शक्य नाही. त्यांच्यातल्या एका प्रसिद्ध प्रचारकाने तो सूर्य पाहून, या बाबतीत आपण चुकलो होतो, असे कॅमेऱ्यासमोर सांगितले. त्याच्या कित्येक अनुयायांनी त्यालाच फितूर ठरवले, पण त्याने शब्द फिरवला नाही.

हॅम्पडेन आणि या प्रचारकात फरक बुद्धीचा नव्हता. जाण्यापूर्वीच, 'हे दिसले तर मी मानीन' असे त्याच्यापुढे स्पष्ट होते. हॅम्पडेनने तसे काही मनाशी ठरवले नसावे. म्हणून घरातला वाद सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "काय दिसलं तर तू तुझं मत बदलशील?" मुलाने उत्तर दिले तर पुढचे काम सोपे होते. ते कागदावर लिहून ठेवावे. आणि तोच प्रश्न वडिलांनी स्वतःलाही विचारावा. सावल्या अगदीच वेगळ्या भरल्या तर आपण काय म्हणू? ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, त्याच्याशी रात्रभर बोलून उपयोग नाही. तिथे प्रेमाने विषय बदललेला बरा. नाते टिकले तर वाद पुन्हा केव्हाही घालता येतो.

पदवीचा धाक तर मुळीच दाखवू नये. चंदीगडहून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या जालंधरला जानेवारी २०१९ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०६वे अधिवेशन भरले होते. तिथेच एका वक्त्याने न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे गुरुत्वाकर्षण चुकीचे ठरवले. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेध केला, आयोजकांनीही त्या मतांपासून अंग काढून घेतले. व्यासपीठ मोठे असले म्हणून बोलणे खरे ठरत नाही, आणि मोबाइलवर लाखो लोकांनी पाहिले म्हणूनही ठरत नाही. खरे काय ते मापाने ठरते, आणि माप कोणालाही घेता येते.

त्यासाठी लागते काय? एक मीटरची काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि दुसऱ्या गावात फोन उचलणारे एक आपले माणूस. मुलाच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि आकडा त्यालाच वाचू द्यावा. तिकडे आजोबांनाही गच्चीवर न्यावे. दिवस-रात्र सारखी होण्याचा दिवस वर्षातून दोनदा येतो. त्या दिवशी आकाश ढगाळ असले तर दोन-चार दिवसांनी मापले तरी चालते, फक्त सर्वांनी एकाच दिवशी मापले पाहिजे.